नळसाहेबांच्या खुर्चीत

नातजावई या पदाला जगात कुठेच मान नाही. जावयाला निदान चहा गरम मिळतो, पंख्याखालची जागा मिळते, आणि त्याने विनोद केला तर लोक तोंडदेखलं का होईना, हसतात. नातजावई हा त्याच्याही पुढचा मुक्काम; तिथवर पोचेपर्यंत मान वाटेतच संपतो. हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. माझ्या बायकोचे आजोबा ती जन्मायच्या आधीच वारले होते, आणि वारलेल्या माणसाचा नातजावई होण्यात धोका तो काय, अशी माझी भाबडी समजूत होती.

हे आजोबा म्हणजे साधेसुधे गृहस्थ नव्हेत. आमच्या शहरात नळाचं पाणी त्यांनी आणलं. त्याआधी लोक विहिरीवर जाऊन भांडायचे. त्यांनी डोंगरातल्या तळ्यापासून थेट मुख्य चौकापर्यंत लोखंडी नळ घातले, आणि तेव्हापासून लोक घरबसल्या भांडू लागले. कृतज्ञ जनतेने त्यांना 'नळसाहेब' करून टाकलं. खरं नाव घराच्या पाटीवर आहे, पण ते पदव्यांसकट इतकं लांब आहे की वाचता वाचता माणूस पुढच्या गल्लीत पोचतो. हे घर माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, काही वर्षांपूर्वी एका न्यासाला देऊन टाकलं. न्यासाने त्याचं संग्रहालय केलं आणि अण्णा आमच्याकडे राहायला आले.

घर देताना अण्णांनी माझ्या बायकोला विचारलं नव्हतं. एकुलती एक मुलगी, त्याच घरात जन्मलेली, त्याच जिन्यावरून गडगडत खाली आलेली. "जिथे जन्मले तिथे आता तिकीट काढून जाऊ का?" एवढंच ती म्हणाली, आणि तो विषय आमच्या घरातून हद्दपार झाला. बापलेकी एका टेबलावर जेवतात, एकमेकांना आग्रह करून वाढतात, पण चुकून जुन्या घराचा उल्लेख झाला की दोघंही एकदम मीठ शोधायला लागतात. अण्णा रोज सकाळी 'वाचनालयात जातो' म्हणून बाहेर पडायचे ते संध्याकाळी उगवायचे. मुळात कमी बोलणारा आणि त्याहून कमी हलणारा माणूस. आमच्या कामवाल्या बाईंनी एकदा खुर्ची पुसता पुसता अण्णांनाही पुसायला घेतलं होतं, आणि अण्णांनी हरकत घेतली नव्हती.

एवढं सगळं ठाकठीक चाललेलं असताना मला दुर्बुद्धी सुचली. सोसायटीच्या सभेत पाणी का येत नाही यावर चर्चा चालू होती, म्हणजे नेहमीचीच. आमचे सेक्रेटरी सुस्कारा टाकून म्हणाले, "आज नळसाहेब असते तर ही वेळ आली नसती."

"ते आमच्या हिचे आजोबा," मी सहज म्हणालो. सहज म्हणजे, गेली काही मिनिटं मी ती संधी शोधतच होतो.

सभेत शांतता पसरली. आमच्या सभेत अशी शांतता फक्त वर्गणीचा विषय निघाल्यावर पसरते. कुणीतरी उठून मला खुर्ची दिली. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, मग आम्हाला दाखवा की ते घर! तिथे त्यांचा पुतळा आहे ना? म्हणे इतका हुबेहूब आहे की माणूस दचकतो."

"त्यात काय! आपलंच घर आहे," मी म्हणालो. माणसाच्या तोंडाला कुलूप असायला हवं होतं ते इथे.

दुसऱ्या दिवसापासून सल्ले सुरू झाले. सेक्रेटरी म्हणाले, काहीही करा पण लेखी करा. तोंडी परवानगीचे परिणाम त्यांनी गच्चीच्या किल्लीच्या प्रकरणात भोगले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छे, लेखी दिलं की प्रकरण लांबतं, तुम्ही सरळ घरच्यासारखे आत शिरा. दोघांचंही ऐकायचं म्हणून मी लेखी अर्ज घेऊन घरच्यासारखा आत शिरलो. दारातल्या पहारेकऱ्याने मला घरच्यासारखंच बाहेर काढलं आणि कचेरीच्या खिडकीपाशी उभं केलं.

खिडकीत संग्रहालयाचे व्यवस्थापक बसले होते. बारीक अंगाचे, चिंतातुर, कायम कुणीतरी मागून हाक मारणार आहे असा चेहरा.

"प्रयोजन?" त्यांनी अर्ज न वाचता विचारलं.

"संग्रहालय बघायचंय."

"ते सगळेच बघतात. प्रयोजन काय?"

"मी नळसाहेबांचा नातजावई आहे," मी हुकमाचं पान टाकलं.

व्यवस्थापकांच्या हातातलं पेन गळून पडलं. मला बरं वाटलं. चला, या पदाला कुठेतरी किंमत आहे! त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. तोही मी आदरातच धरला.

"म्हणजे... अण्णांचे जावई?" त्यांनी कसंबसं विचारलं. "तुम्ही स्वतः येणार? आतपर्यंत?"

"आतपर्यंतच येणार. बाहेरून काय बघायचंय?"

ते उठले, आत गेले, पाणी पिऊन आले. मग म्हणाले, "नात्याचा पुरावा लागेल. तुमचं नातं रक्ताचं नाही, लग्नाचं आहे."

"हो."

"लग्न मोडू शकतं."

"माझं मोडलेलं नाही."

"आजचं नाही म्हणत मी. भेटीच्या दिवशी टिकून असलं पाहिजे."

लग्नाचा दाखला नेला तर त्यावरचा शिक्का पुसट होता. शिक्का ठळक करून आणला तर म्हणाले, गटप्रमुखाच्या वर्तणुकीचं प्रशस्तिपत्र हवं. ते मला सेक्रेटरींकडून घ्यावं लागलं, आणि सेक्रेटरींनी 'वर्तणूक साधारण बरी' असं लिहून दिलं. माझ्याच घरात शिरायला मला 'साधारण बरी' वर्तणूक दाखवावी लागतेय, या अपमानाने मी दोन घास कमी जेवलो. पण आता माघार म्हणजे सगळ्या सोसायटीत नाचक्की. मी चिकाटी सोडली नाही, आणि एक दिवस व्यवस्थापकांची कागदपत्रं मागायची कल्पनाशक्तीच संपली. त्यांनी परवानगीवर सही केली आणि पुन्हा पाणी प्यायला आत गेले.

रात्री जेवताना मी येत्या रविवारच्या भेटीची बातमी जाहीर केली. अण्णांना जो ठसका लागला तो थांबेचना.

"तिथे बघण्यासारखं काय आहे?" ते डोळे पुसत म्हणाले. "चार खोल्या आणि एक पुतळा."

"पुतळाच तर बघायचाय. पेपरात आलं होतं, डोळे अगदी जिवंत आहेत म्हणून."

"पेपरवाल्यांना काय कळतंय," अण्णा म्हणाले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाले, रविवारी तिथे फार गर्दी असते. मग म्हणाले, जिना खचलाय. मग त्यांनी शहरातली इतर प्रेक्षणीय स्थळं मोजून दाखवली, त्यात जनावरांचा दवाखानासुद्धा होता. बिचाऱ्यांना घर दिल्याचं दुःख अजून आहे, असा मी अर्थ काढला. ही मान खाली घालून ताटातल्या भाताशी खेळत होती. दोघांच्याही जखमेवर मी मीठ चोळतोय असं मला वाटलं, आणि तरीही मला सेक्रेटरींचा चेहरा जास्त दिसत होता. माणूस किती हलका असतो!

रविवारी सकाळी अण्णा लवकरच निघून गेले. "रविवारी वाचनालय बंद असतं ना?" मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच विचारलं. "आज उघडं आहे," ते म्हणाले आणि चपला हातात घेऊनच जिना उतरले. मी निघालो, तर ही दारात तयार.

"मी पण येते. आत नाही यायची. खाली बागेत बसेन."

मला धक्काच बसला, पण खरे धक्के अजून बसायचे होते.

घर छान राखलंय, हे मान्य केलंच पाहिजे. लाकडी जिना, पितळी मुठींची दारं, भिंतीवर नळांचे नकाशे, आणि जिथे जिथे माणसाला बसावंसं वाटेल तिथे तिथे लाल दोरी. आम्हा सोसायटीच्या मंडळींना हिंडवायला एक मार्गदर्शक बाई होत्या. त्या डोळे अर्धे मिटून, सगळी माहिती पाठ म्हणत चालायच्या. मध्ये प्रश्न विचारला की पुन्हा खोलीच्या सुरुवातीपासून. आणि आमच्या सेक्रेटरींना प्रश्न विचारल्याशिवाय श्वास घेता येत नाही. स्वयंपाकघर आम्ही तीनदा ऐकलं. पुढे न्हाणीघर आलं. 'शहरातले पहिले नळाचे न्हाणीघर व शौचालय' अशी पाटी, आणि खाली मोठ्या अक्षरात 'वापरू नये'.

"मग इथली माणसं कुठे जातात?" सेक्रेटरींनी विचारलं.

"समोरच्या शिंप्याकडे," बाई पहिल्यांदाच पाठांतराबाहेरचं बोलल्या, आणि घाईने दोरीपलीकडच्या पितळी तोटीकडे वळल्या. जेवणाच्या सुट्टीची वेळ केव्हाच टळली होती. बाई सारख्या वरच्या मजल्याकडे बघत होत्या. मला वाटलं, भूक लागली असेल.

शेवटी आम्ही वर अभ्यासिकेत पोचलो आणि सगळ्यांच्या तोंडून एकदम "अगंबाई" निघालं, सेक्रेटरींच्या तोंडूनसुद्धा. दोरीपलीकडे, पडद्याच्या मंद उजेडात, मोठ्या टेबलामागे नळसाहेब बसले होते. काळा कोट, गोल टोपी, चष्मा, भरघोस मिशी, समोर पसरलेला नळांचा नकाशा. आता त्या मोठ्या मिशा हलतील आणि ते आमची पाणीपट्टी विचारतील असं वाटत होतं.

"अगदी तुमच्या अण्णांसारखे दिसतात हो," सेक्रेटरी म्हणाले.

"वडीलच ते. दिसणारच," मी मालकी हक्काने म्हणालो.

डॉक्टरीणबाई दोरीवरून वाकल्या होत्या. त्या माणसाकडे बघत नाहीत, त्याच्या तोंडात बघतात. "ओठ जरा उघडे आहेत. दात किती बारकाईने केलेत बघा! वरचा सुळा किंचित आत..." त्या कपाळाला आठ्या घालून थबकल्या. "हे काम मी कुठेतरी पाहिलंय."

"पुढे नळांच्या प्रतिकृती आहेत," मार्गदर्शक बाई घाईघाईने म्हणाल्या आणि सगळ्यांना कोंबड्या हाकाव्यात तसं गॅलरीत घेऊन गेल्या. मी मागे रेंगाळलो. म्हटलं, एकटा असताना आजेसासऱ्यांना जरा नीट बघून घ्यावं. दोन्ही हात जोडले. नमस्कार केला.

"जावईबापू," पुतळा म्हणाला.

मी किंचाळलो नाही. किंचाळायला श्वास लागतो, तो त्या वेळी माझ्यापाशी नव्हता. मी दोरीला धरून मटकन खाली बसलो.

"जावईबापू, घाबरू नका. मी आहे."

"अण्णा?"

"हळू बोला. आणि इकडे या, मला उठायला हात द्या. सकाळपासून बसलोय. तुमचा तो सेक्रेटरी मरेपर्यंत प्रश्न विचारणार आहे का?"

हात देता देता जे कळलं ते असं. न्यासाने पुतळा करायला दिला होता, तो आलाही. पण मूर्तिकाराने कुणाचा फोटो बघून केला देव जाणे, नळसाहेबांऐवजी एखादा चिडका पहिलवान टेबलाशी बसवल्यासारखं वाटत होतं. उद्घाटन दुसऱ्या दिवशी. व्यवस्थापक रडकुंडीला आले. अण्णा घराच्या किल्ल्या द्यायला आले होते. चेहरा वडिलांसारखा, आणि हलायची सवय नाहीच. एका दिवसापुरते बसले. पाहुणे थक्क झाले, पेपरात कौतुक छापून आलं, लांबलांबहून लोक यायला लागले. आता खरा पुतळा ठेवायचा कसा? तो जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याच्या हातावर कर्मचारी छत्र्या अडकवत होते.

"म्हणजे वाचनालय..." मी म्हणालो.

"हेच," अण्णा म्हणाले. "हे टेबल, ही खिडकी. मी याच खोलीत शाळेचा अभ्यास केला, जावईबापू. घर देऊन टाकलं, पण पाय निघेना. इथे बसलो की बरं वाटतं. पण हे बाहेर फुटलं तर न्यास मला पुन्हा उंबरा ओलांडू देणार नाही. आणि पोरीला कळलं तर..." त्यांनी मिशी चाचपली. "आधीच घर दिलं म्हणून ती मनातून तुटलीय माझ्यापासून. त्यात बाप तिकिटावर दाखवायला बसतो, हे कळलं तर तोंड दाखवायला जागा उरायची नाही. तुम्ही बोलणार नाही ना?"

या माणसाला मी रोज संध्याकाळी 'काय वाचलंत आज?' असं विचारत होतो, आणि ते 'नकाशे' म्हणायचे. खोटं नव्हतंच ते. मी छातीवर हात ठेवून वचन दिलं.

तेवढ्यात मार्गदर्शक बाई धावत आल्या. "अण्णा, त्या दातवाल्या बाई परत येतायत! म्हणतात, पुतळ्याची कवळी बघायचीय, ती त्यांनीच केल्यासारखी वाटतेय."

"त्यांनीच केलीय," अण्णा कळवळून म्हणाले. "पण मला आता शिंप्याकडे गेलंच पाहिजे. एक क्षणही थांबता येत नाही हो!"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं, कुणीच नव्हतं.

पुढचं इतक्या झपाट्याने झालं की मला आक्षेप नोंदवायलाही सवड मिळाली नाही. कोट माझ्या अंगात आला, टोपी कानांवर उतरली, बाईंनी मिशी माझ्या ओठावर थापली. ती उलटी बसली आणि दोन्ही टोकं नाकात गेली. नाक तर अजिबात जमत नव्हतं. नळसाहेबांचं नाक म्हणजे शहराचं भूषण, आणि माझं म्हणजे सुरू करून मध्येच सोडून दिलेलं बांधकाम. "नकाशा वर धरा," बाई कुजबुजल्या. मी नकाशा दोन्ही हातांनी तोंडासमोर धरला. अण्णा मागच्या जिन्याने पसार झाले. एका नोकरदार, करभरू, साधारण बऱ्या वर्तणुकीच्या माणसाचा त्याच्याच आजेसासऱ्यात असा अंत झाला.

"अहो, मघाशी नकाशा टेबलावर होता!" डॉक्टरीणबाईंचा आवाज आला.

"यांत्रिक आहे," मार्गदर्शक बाई शांतपणे म्हणाल्या. "दुपारनंतर वाचायला घेतात."

"आणि खाली कधी ठेवतात?"

"बंद व्हायच्या वेळी."

"कमाल आहे विज्ञानाची," सेक्रेटरी म्हणाले. "आणि यांचे नातजावई बघा. आत्ता इथे होते, कुठे गायब झाले? माणूस वाईट नाही हो, पण बढाया फार. आपलंच घर म्हणाला आणि महिनाभर खिडकीपाशी उभा होता."

"आणि दात कधी दाखवायला येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "घाबरट आहे."

नकाशामागे माझे कान तापले. मिशीचं टोक नाकात आणखी आत गेलं आणि एक शिंक डोंगरातल्या तळ्यातून निघाल्यासारखी वर चढू लागली. मी दात आवळले, डोळे मिटले, ऑफिसातल्या वरिष्ठांचा चेहरा आठवला. शिंक घाबरून परत गेली. पुतळ्याचा धर्म किती कठीण असतो ते मला तेव्हा कळलं. लोक तोंडावर बोलतात आणि आपल्याला तोंड नसतं.

शेवटी सगळी मंडळी खाली गेली, बाईही त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेल्या. मी नकाशा खाली ठेवणार, इतक्यात दारात पुन्हा पावलं वाजली. हळू, ओळखीची. मी नकाशा होता तिथेच धरला.

"अण्णा," आमची ही म्हणाली.

हिला माहीत आहे! मी नकाशामागे डोळे फाडून नळांच्या जाळ्याकडे बघत राहिलो. कोट अण्णांचा, टोपी अण्णांची, उजेड अंधुक; हिची समजूत चुकली यात तिचा दोष नव्हता.

"बोलू नका. कुणी येईल. आज मुद्दाम आले, म्हटलं ह्यांच्या लोकांनी काही घोळ घातला तर निदान मी असावं." ती दोरीपाशी उभी असावी. आवाज फार हळू होता. "मला पहिल्यापासून ठाऊक आहे, अण्णा. रोज तुमच्या टॉवेलला मिशीचा डिंक लागलेला असतो, तो धुते कोण? मग एक दिवस आलेच तिकीट काढून. एका सहलीच्या घोळक्यात मागे उभी राहिले. त्यानंतर कितीतरी वेळा आले. तुम्ही खिडकीकडे बघत असता, तुम्हाला दिसत नाही."

खाली बागेत कुणीतरी हसलं. ती थांबली, मग पुन्हा बोलायला लागली.

"घर दिलंत तेव्हा मला फार राग आला होता. आता नाही. बरं केलंत दिलंत ते. आपल्याकडे राहिलं असतं तर डागडुजी करता करता आपणच मोडलो असतो. इथे सगळं जागच्या जागी आहे, तुम्हीसुद्धा. आमच्याकडे तुम्ही खुर्चीच्या कडेला बसता, पाहुण्यासारखे. इथे नीट टेकून बसता. ते बघायलाच येते मी." तिने नाक ओढलं. "कधीपासून सांगायचं होतं. घरी तुमच्या तोंडाकडे बघून जमत नाही."

मला उठावंसं वाटत होतं, आणि खुर्चीत विरघळून जावंसंही वाटत होतं. मी तिचा नवरा. आणि तिच्या मनातलं इतकं मोठं दुखणं मला एका उलट्या मिशीमागून ऐकायला मिळावं, याची लाज वाटली.

ती जायला निघाली. दारातून वळून म्हणाली, "आणि हे बघा, ह्यांना यातलं काही कळू देऊ नका. त्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीला कळेल."

मी थक्क होऊन बसून राहिलो. बायको रडवेली होऊन गेली म्हणून हळहळावं, की तिने नवऱ्याची अशी जाहीर किंमत केली म्हणून रुसावं, हे ठरेना. दोन्ही एकदम केलं. मग मनाशी पक्कं ठरवलं: आज दाखवून द्यायचं. आज या तोंडात तीळ भिजणार. मी कुणाला म्हणजे कुणाला एक अक्षर सांगणार नाही.

मागच्या जिन्याने अण्णा आले, हलक्या पावलांनी, चेहऱ्यावर मुक्त माणसाचं समाधान. "कुणी आलं होतं?" त्यांनी कोटात हात घालता घालता विचारलं.

"तुमची मुलगी," मी म्हणालो.

तीळ जेमतेम ओला झाला होता. पण जे तिने अण्णांसाठी सांगितलं होतं ते माझ्यापाशी ठेवून मी काय करणार होतो? मी सगळं सांगितलं. डिंक, टॉवेल, तिकीट, सहलीचा घोळका. बरं केलंत दिलंत ते, हेही सांगितलं. अण्णा मिशी हातात धरून उभे होते.

"टेकून बसता, असं म्हणाली?"

"हो. ते बघायलाच येते, असं म्हणाली."

"पुन्हा सांगा. तिच्याच शब्दांत."

मी पुन्हा सांगितलं, अगदी सुरुवातीपासून. वर, मला यातलं काही कळू द्यायचं नाही अशी ताकीद असल्याचंही सांगून टाकलं.

"बरं," अण्णा गंभीरपणे म्हणाले. "मग तुम्हाला नाही कळू देणार."

एवढ्यात जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली. दुपारच्या लोकांचा जथा येत होता. अण्णा झटकन खुर्चीत बसले, मिशी सरळ चिकटवली, पाठ टेकली आणि खिडकीकडे बघत स्थिर झाले. मी दोरीखालून सटकून कसाबसा गर्दीत मिसळलो. मार्गदर्शक बाई डोळे अर्धे मिटून पाठ म्हणू लागल्या: जन्म, शिक्षण, तळं, डोंगर, पहिला नळ. मी पुतळ्याकडे बघितलं, आणि जे दिसायला नको होतं तेच दिसलं.

पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनीही ते पाहिलं. "अहो," त्या म्हणाल्या, "यांच्या डोळ्यांतून पाणी येतंय!"

सगळे पुढे सरसावले. नळसाहेबांच्या गालावरून एक थेंब मिशीपर्यंत आला होता, आणि दुसरा निघायच्या बेतात होता. मला वाटलं, संपलं सगळं. मार्गदर्शक बाईंनी डोळे पूर्ण उघडले. एकवार पुतळ्याकडे बघितलं, एकवार माझ्याकडे.

"छत गळतंय," त्या म्हणाल्या. "वर कळवलंय."

सगळ्यांनी माना वर करून छताकडे पाहिलं, आणि तेवढ्यात अण्णांनी बाहीने डोळे पुसून घेतले.